कुळीथाची, कुळिथाची की कुळथाची?

प्रश्न (मालवण): आमच्या खानावळीचा फलक नव्याने रंगवायला दिलाय. रंगाऱ्याने कच्चं लिहून आणलं त्यात 'कुळीथाची पीठी' आहे. आई 'कुळथाची' म्हणते, पुतणी म्हणते शाळेत 'कुळिथाची' शिकवलं. नेमकं काय लिहू?

उत्तर: दादा, तुमच्या आईचं बरोबर आणि पुतणीचंही बरोबर. रंगाऱ्याचे मात्र दोन्ही शब्द बदलायला हवेत.

'पिठी'चं सोपं आहे. मराठी शब्दात शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीची वेलांटी ऱ्हस्व. पीठ पण पिठी, कीड पण किडा.

कुळथाचं जरा खोलात जाऊन बघायला हवं. प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं, तेव्हा शेवटून दुसऱ्या अक्षरातला ई-ऊ दीर्घ असेल तर तो ऱ्हस्व होतो: तूप–तुपात, मूग–मुगाचं. मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे नियम हेच सांगतात. पण त्याच्या पोटात एक सुंदर पोटनियम आहे. शब्द तीन अक्षरी आणि पहिलं अक्षर दीर्घ असेल, तर मधला ई-ऊ नुसता ऱ्हस्व होत नाही, पार जातो आणि तिथे 'अ' येतो. लाकूड–लाकडाला, कापूस–कापसाचा, जांभूळ–जांभळाचं. पहिलं अक्षर ऱ्हस्व असेल तर दोन्ही रूपं चालतात: परटाला किंवा परिटाला, उडदाचे किंवा उडिदाचे. कुळीथ याच रांगेतला, म्हणून कुळथाची आणि कुळिथाची दोन्ही शुद्ध.

शंका (रत्नागिरी): मग शाहीरला 'शाहराला' का म्हणत नाही? पहिलं अक्षर तर दीर्घ आहे. आणि माणूस 'जामिनावर' सुटतो, 'जामनावर' नाही.

उत्तर: फार चांगली शंका. शाहीर, जामीन हे अरबी-फारसीतून आलेले शब्द. वकील, गरीब, फकीर तसेच. 'वकलाला' कोणी म्हणत नाही. हे शब्द मधली वेलांटी ऱ्हस्व करण्यापर्यंत येतात, ती सोडत नाहीत. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द तर तेवढंही करत नाहीत: शरीर–शरीरात, जीव–जीवाला. कुळथाला ही सवलत मिळत नाही, कारण संस्कृतातला शब्द 'कुलत्थ'. आपला कुळीथ बोलण्यात घडत गेलेला.

पण सगळंच मुळावरून सुटतं असं समजू नका. वारूळ, वाघीण हे घरचेच शब्द, तरी आपण वारुळात, वाघिणीला म्हणतो. हा पोटनियम म्हणजे भाषेच्या सवयीची नोंद आहे, आणि सवय प्रत्येक शब्दाला सारखी लागत नाही. मला यात कान जास्त विश्वासाचा वाटतो. 'लाकूडाला' हे कोकणातल्या कुठल्याही घरात ऐकू येणार नाही; ते फक्त लिहिताना होतं, मूळ शब्द डोळ्यांपुढे असतो म्हणून.

शंका (राजापूर): आमच्या गावाचं काय? 'राजापुरात' लिहितो, पण 'राजापूरची गंगा'.

उत्तर: दोन्ही योग्य. 'राजापुरात' मध्ये सामान्यरूप झालं. ला, ची, हून मात्र अशा गावाच्या नावाला सरळ चिकटतात: राजापूरला, राजापूरची, राजापूरहून. चिपळुणात पण चिपळूणला. 'कर' लागतानाही नाव तसंच राहतं, चिपळूणकर. (सिंधुदुर्गातला 'धु' ऱ्हस्व का, हा वेगळा नियम: समासातलं पहिलं पद संस्कृत असेल तर ते मूळ संस्कृतातल्यासारखं राहतं. एकटी सिंधू दीर्घ.)

मालवण: मग दोन्हींतलं कुठलं घेऊ?

उत्तर: 'कुळथाची पिठी' घ्या. जेवायला बसलेला माणूस तोंडाने तेच मागणार. देशावरचे लोक याला हुलगा म्हणतात, त्यांच्यासाठी हवं तर खाली बारीक अक्षरांत तो शब्द द्या. आणि भाकरीची ओळ असेल तर रंगाऱ्याला आधीच लिहून द्या: 'तांदळाची'. तिथे पहिलं अक्षर दीर्घ, त्यामुळे 'तांदुळाची' चालणार नाही.