स्पार्क प्लग बदलल्यापासून वॅगनआर सीएनजीवर मिस मारतेय, पेट्रोलवर बरी चालते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी बाबांची आहे, वॅगनआर २०१४, तीन सिलेंडरचं ९९८ सीसी इंजिन, सीएनजी कंपनी फिटेड. लाखाच्या पुढे पळालीये. तशी काही तक्रार नव्हती पण जुने प्लग काढून बघितले तर इलेक्ट्रोडच्या कडा पार गोल झालेल्या, गॅपही वाढलेला, म्हटलं आता टाकूनच देऊ नवीन. तिन्ही टाकले आणि तेव्हापासून गाडीने छळ मांडलाय.

पेट्रोलवर स्टार्ट होते, आयडलला किंचित थरथर वाटते पण बाबांना सांगितलं नसतं तर त्यांना कळलीही नसती. सीएनजीवर टाकली की मग खरा तमाशा. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा दोन्ही थरथरतात, आणि मागे सायलेन्सरपाशी हात धरला तर धूर एकसारखा येत नाही, मधेमधे फुस्स करून थांबतो. रविवारी साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकी चढताना तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबला की झटके, शेवटी पेट्रोलवर टाकून घाट काढला. वर चेक इंजिनचा दिवा आधी नुसता लागला आणि चढावर लुकलुकायला लागला.

ब्लूटूथवाला स्कॅनर आहे माझ्याकडे, त्यावर कोड येतोय पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसफायर (त्यात इंधन नीट पेटत नाहीये), मधला. म्हणून मधली कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) आणि एक नंबरची कॉइल अदलाबदल केली, कोड डिलीट करून चक्कर मारली, परत पी०३०२ च. कॉइलचे कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबलेत, बूटच्या (कॉइलची प्लगवर बसणारी रबरी नळी) आतली स्प्रिंग जागेवर आहे, प्लगच्या विहिरीत ऑइल नाही. एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो त्यामुळे एखादा पाईप सुटा राहिला का तेही बघितलं, सांध्यांवर कार्ब क्लीनर मारला तर आयडल ढिम्म हलत नाही, म्हणजे हवा कुठून खेचत नसावी. प्लगचा गॅप घालायच्या आधीच फिलर गेजने मोजलेला, तिन्हींचा सारखा, १ मिमीच्या आसपास.

नेहमीचा मेकॅनिक म्हणतो सीएनजी किटचं ट्यूनिंग करून घ्या, इंजेक्टर पण साफ करावे लागतील. आता प्लग बदलायच्या आदल्या दिवशीपर्यंत जे किट गुण्यागोविंदाने चालत होतं ते एका रात्रीत कसं बिघडेल हे काही माझ्या डोक्यात शिरत नाहीये. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा प्लीज, खर्चात पडायच्या आधी.

घाटवाटा: टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग, त्यांची फट) चेक करा. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट झिजतात, टॅपेट टाईट झाले की आयडलला अशीच थरथरते. आमच्या इकोला सेम झालेलं.

पान्हेवाला: टॅपेट असते तर हळूहळू वाढत गेलं असतं, यांचं प्लगच्या दिवशीच सुरू झालंय. अर्धी टेस्ट तुम्ही केलीच आहे, कॉइल फिरवून कोड जागचा हलला नाही म्हणजे कॉइल सुटली, आता प्लग फिरवा. मधला काढून तीन नंबरला घाला आणि तिथला मध्ये. कोड पी०३०३ झाला की चोर सापडला, नाही झाला तर मग इंजेक्टर, कॉम्प्रेशन वगैरे बघायचं. पेट्रोलवर चालते म्हणून प्लगला क्लीन चिट देऊ नका. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग, बूट, कॉइल यातलं जे कमजोर असेल ते आधी सीएनजीवरच उघडं पडतं. काढल्यावर पांढरा सिरॅमिक भाग बॅटरी मारून नीट बघा, केसासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथून बाहेरून बॉडीला जातो.

मल्टिमीटर असेल तर अजून एक, वरच्या टोपीपासून खालच्या मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रेझिस्टन्स मोजा. रेझिस्टरवाल्या प्लगला साधारण ५ किलोओहम दाखवतो, थोडं खालीवर चालतं.

आणि इंजिन थंड असतानाच काढा, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की रडायची वेळ. बसवताना आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, पाना नंतर.

घाटवाटा: बरोबर आहे, तो प्लगच्या दिवसाचा मुद्दा माझ्या लक्षात नाही आला. पण दिवा लुकलुकतोय तोवर सीएनजीवर पळवू नका हां, न जळलेलं इंधन कॅटमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं आणि कॅट गेला तर प्लगच्या पैशात मिळत नाही.

धागाकर्ता: केलं. प्लग फिरवला आणि पहिल्याच चकरीत पी०३०३! रेघबिघ काही दिसली नाही, बाहेरून एकदम चकाचक प्लग आहे, पण मीटर लावला तर बाकी दोन ४.८ आणि ५.१ दाखवतात आणि हा बाबा कधी ४०, कधी ९०, जरा हलवला की सरळ ओपन, म्हणजे सर्किटच तुटलेलं. म्हणजे आतला रेझिस्टरच गेलेला. जुन्यापैकी एक प्लग होता त्याचा गॅप कमी करून तात्पुरता घातलाय, काल संध्याकाळी सीएनजीवर कात्रजपर्यंत जाऊन आलो, दिवा नाही, झटका नाही. किट ट्यूनिंग अर्थातच कॅन्सल.

आता दोन प्रश्न. एकच प्लग आणू का तिन्ही? आणि सीएनजीसाठी गॅप ०.८ करा असं बरेच जण सांगतात, ते करू का?

पान्हेवाला: बाकी दोन त्याच दुकानातून त्याच दिवशी आणलेले असतील तर माझा तरी त्यांच्यावर विश्वास नाही. तिन्ही आणा, दुसरीकडून आणा, आणि काउंटरवरच मीटर लावून घ्या, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. गॅप गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तोच ठेवा, तुमचं किट कंपनीचंच आहे, त्या हिशोबानेच आकडा दिलेला असतो. ०.८ वगैरे बाहेरून बसवलेल्या किटवाल्यांचं असतं, आणि प्लग इरिडियमचा असेल तर गॅपला हातच लावू नका, टोक तुटतं.

धागाकर्ता: साधेच आहेत. दुकानात गेलो होतो परत करायला, म्हणे इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही. बिल आहे माझ्याकडे.

घाटवाटा: बिल आहे ना, मग खोका घेऊन जा आणि त्याच्यासमोर मीटर लावा. गिऱ्हाइकं उभी असताना जा, संध्याकाळी सहानंतर.