जडभरताची गोष्ट: दया केली म्हणून हरणाचा जन्म?

सांजवात:
सध्या घरी भागवताचं वाचन चाललंय, पाचव्या स्कंधात भरत राजाची गोष्ट आली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. ऋषभदेवांचा मुलगा भरत, ज्याच्यावरून या देशाला भारत म्हणतात असं भागवतच सांगतं, तो राज्य, बायको, पाच मुलं सगळं सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात जाऊन राहतो. तिथे एक गाभण हरिणी पाणी पिताना सिंहाची डरकाळी ऐकून घाबरून उडी मारते, पाडस नदीत पडतं आणि ती मरते. भरत त्या पाडसाला वाचवतो, वाढवतो, मरताना मनात तेच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. आता मला सांगा, त्याने ते वाहून जाऊ द्यायला हवं होतं का? माझ्याकडे आजारी मांजर आहे, रात्री उठून औषध द्यावं लागतं, तर एक नातेवाईक म्हणाले इतका जीव लावू नकोस, भरतासारखी गत होईल. आसक्ती सोडा हे पटतं, पण सोबत दयाही सोडायची असेल तर असलं वैराग्य मला नको वाटतं.

गोदाकाठ:
वाचवणं चूक होतं असं भागवत म्हणत नाही. आठवा अध्याय जरा सावकाश वाचा, घसरण कशी होते ते फार बारकाईने लिहिलंय. आधी तो स्वतःला समजावतो की हे मला शरण आलंय, याची उपेक्षा करणं पाप. बरोबरच आहे. मग दर्भ-फुलं आणायला जाताना त्याला खांद्यावर घेणं, मग एकेक नियम सुटत जाणं, पूजा चालू असताना मधेच उठून बघून येणं आणि त्याला आशीर्वाद देणं. आणि दिसलं नाही की पैसे हरवलेल्या कंजूष माणसासारखी तगमग. एकदा तर चंद्रावरचा डाग बघून त्याला वाटतं की माझ्या पोरक्या पाडसाला चंद्रानेच जवळ घेतलंय. माझ्या मते दया कधीच मागे पडली होती तोपर्यंत. पाडसाला आता भरताची तेवढी गरज नाहीये, भरतालाच त्याची गरज आहे.

आणि लोक गोष्ट हरणापाशीच थांबवतात हे मला फार खटकतं, कारण खरं उत्तर तिसऱ्या जन्मात आहे. ब्राह्मणाच्या घरी जन्म, लोकांत वेड्यासारखा राहतो, म्हणूनच त्याला जडभरत म्हणतात. सिंधुसौवीरचा राजा रहूगण पालखीतून चाललाय, एक भोई कमी पडतो म्हणून याला धरून जुंपतात. हा पायाखाली जीव येऊ नये म्हणून बाणभर अंतर पुढे बघत पाऊल टाकतो, बाकीच्यांशी चाल जुळत नाही, पालखी हिंदकळते आणि राजा चिडून वाट्टेल ते बोलतो. म्हणजे बघा, आसक्ती पूर्ण गेलीये, स्वतःच्या मानापमानाचंही काही वाटत नाही, पण पायाखालच्या मुंगीची काळजी शाबूत आहे! दया सोडायची असती तर हा प्रसंग तिथे आलाच नसता.

वाचनवेडा:
सुंदर. मला ययातीच्या शेजारी ठेवली की ही गोष्ट जास्त कळते. ययाती आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो आणि मग म्हणतो ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’, तूप ओतून आग विझत नाही तशी भोगून इच्छा शमत नाही. ती वासना उघड आहे, कोणालाही ओळखू येते. भरताची ओळखू येत नाही कारण ती कर्तव्याच्या नावाने आत शिरते. त्यामुळे हरीण हे मला निव्वळ प्रतीक वाटतं, खरं हरीण होतं की नव्हतं याने काय फरक पडतो.

नाममुद्रा:
फरक पडतो हो. प्रतीक म्हटलं की ते जनावर आपल्या डोळ्यांसमोरून नाहीसं होतं आणि नुसती शिकवण उरते. आमच्याकडे आजी एकनाथी भागवत वाचायची, सातव्या अध्यायातल्या कपोत पक्ष्याची पिल्लं जाळ्यात सापडतात तिथे तिचा आवाज दरवेळी बसायचा. ते दुःख खरं वाटलं तरच पुढचं कळतं. ज्या नाथांनी तो ग्रंथ 1573 मध्ये काशीत पूर्ण केला ते स्वतः पैठणचे संसारी गृहस्थ, आणि रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा त्यांचीच. तिथे देवाचं पाणी द्यायलाही हात आखडला नाही, आणि गाढव काही मनात घर करून बसलं नाही.

आणि सांजवात, याला शिक्षा म्हणू नका. हरणाच्या जन्मातही त्याला मागचं सगळं आठवतं, आणि ते आधीच्या आराधनेमुळे असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे केलेली साधना वाया गेली नाही. तो कालंजर पर्वतावरून आपल्या हरिणी आईला सोडून परत पुलहाश्रमातच येऊन राहतो.

सांजवात:
मुंगीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आम्ही अजून पालखीपर्यंत पोचलो नाही. पण रोजच्या जगण्यात ओळखायचं कसं, की आता दया संपली आणि अडकणं सुरू झालं?

गोदाकाठ:
मी तरी एवढंच बघतो की त्या जिवाचं भलं कशात आहे ते अजून दिसतंय का, की मला काय वाटेल एवढंच दिसतंय. मांजराला औषध देताना तुम्ही त्याच्याचकडे बघताय, बिनधास्त द्या. आणि दहा ते चौदा अध्याय सलग वाचा. तेराव्यात भवाटवी येते, व्यापाऱ्यांचा तांडा रानात शिरतो आणि सहा चोर त्याला लुटतात, आणि चौदाव्यात भागवत स्वतःच उलगडून सांगतं की रान म्हणजे संसार आणि चोर म्हणजे मनासकट आपली इंद्रियं. वरचा प्रतीकाचा वाद तिथे वाचून परत इथे या, दोघांनाही बोलायला भरपूर मिळेल.