घर सासऱ्यांच्या नावावर, सुनेला निघ म्हणतायत: हक्क राहतो का?

प्रश्न: शेजारच्या ताईंचं माहेर निजामाबाद, सासर नांदेड. नवरा पुण्यात, फोन उचलत नाही. सासरचे घर सोड म्हणतात. आधार अजून माहेरच्या पत्त्यावर आहे.

उत्तर १: हक्क आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम १७. मालकीत तिचं नाव नसलं तरी चालतं. सासऱ्यांचं घरही सामाईक घर (म्हणजे ती नवऱ्यासोबत नांदली ते घर) ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात सांगितलं. संरक्षण अधिकाऱ्यांकडून (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) घटना अहवाल भरून घ्या, कलम १२ चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्या. त्यातच कलम १९ खाली निवासाचा आणि कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा, आदेश मागा. अंतरिम मागणी राहिली की निकालापर्यंत ताई उघड्यावर, म्हणून हे आधी बघा.

उत्तर २: मारहाण होत असेल तर थांबू नका, १८१ ही महिला हेल्पलाइन लावा. घर सोडल्यानं हक्क बुडत नाही. माहेरी गेल्या तर निजामाबादलाही अर्ज चालतो. आधारचं एवढं काही नाही. रेशनकार्ड, लेकरांचा शाळेचा दाखला, लसीकरण कार्ड यावरून राहणं दिसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देतं, उत्पन्नाची अट नाही.

उत्तर ३: सासरे सुनेला घराबाहेर काढायला ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडं गेले, तर नोटीस घेऊन लेखी उत्तर द्याच. गैरहजर राहिलं की एकतर्फी आदेश होतो. म्हाताऱ्यांचं म्हणणंही कोर्ट बघतं. कधी त्याच घराऐवजी दुसऱ्या घराचं भाडं नवऱ्याकडून मिळतं. ती मागणीही अर्जात लिहा.