पोस्टला विषय कुठून आणता? टूलमधून की गल्ल्यावरून?

शहापूरचा साडीवाला

आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. तीन वर्षांमागं इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं काम एका एजन्सीला दिलं होतं. त्यांनी वर्षभराचं कॅलेंडर आधीच करून पाठवलं. रंगीत तक्ता, बघायला झकास. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची पोस्ट पडली. आता आपल्याकडं शिवजयंती वैशाखात, चित्ररथही तेव्हाच. एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय ओ, दुकान पुण्याला नेलंय काय?" ते हसण्यावारी गेलं. खरं १ नोव्हेंबरला त्याच तक्त्याप्रमाणं कर्नाटक राज्योत्सवाच्या शुभेच्छा आपोआप पडल्या. त्या दिवशी इथं एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, हे तक्ता करणाऱ्याच्या गावीही नव्हतं. दुपारपर्यंत कमेंटमध्ये दोन्ही बाजूंनी रान पेटलं. पोस्ट काढली, तर काढली का म्हणून पुन्हा पेटलं. साडीबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

एजन्सी बंद केली आणि गल्ल्याशेजारी दोनशे पानी वही ठेवली. गिऱ्हाईक विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. एक पान असं:

"लाल पदराचा रंग अंगाला लागतो का?"
"इरकल आणि तुमची शहापुरी एकच का?"
"डोहाळजेवणाला हिरवी पाहिजे, खरं काठ लाल नको."
"गडहिंग्लजला एसटीनं पाठवता का?"

एवढ्यावर आठ महिने पोस्टी केल्या. 'शुभ सकाळ' एकही नाही. विषय शोधायला पैसे भरून टूल घेणाऱ्यांनी आधी चार दिवस आपल्याच गल्ल्यावर बसावं, असं माझं मत. पटत नसेल तर बोला.

टिळकवाडीकर, सध्या बंगळूर

पटत नाही. मी याच धंद्यात आहे, तेव्हा आधीच सांगतो की माझी भाकरी टूलवर आहे.

तुमच्या वहीत कोण येतं? जो दुकानाची पायरी चढला तो. हुबळीत किंवा पुण्यात बसून मोबाइलवर शोधलं आणि दुसऱ्याच दुकानात गेला, त्याचा प्रश्न वहीत कधीच येणार नाही. आणि तुम्हाला हवा तर तोच आहे, आलेला तर आलाच.

तुमची वेबसाइट असेल तर गूगलचं सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे, मागचे १६ महिने दाखवतं. ज्या शब्दांवर तुमचं पान लोकांना दिसलं पण त्यांनी दाबलं नाही, त्या ओळी बघा. मी एका साडीवाल्यांच्या साइटवर हेच केलं. पानभर 'इरकल' लिहिलेलं आणि लोक 'इलकल' लिहून शोधत होते. बागलकोट जिल्ह्यातलं ते गाव. कन्नड माणूस गावाचंच नाव लिहिणार, पुण्याची बाई इरकलच लिहिणार. तुमच्या वहीत हे कसं कळेल? समोरचा 'इलकल' म्हणाला तरी तुमच्या हातून 'इरकल'च लिहिलं जाणार.

शहापूरचा साडीवाला

हे मात्र लागलं. वही चाळून बघितली. खरंच सगळीकडं इरकल.

खरं गूगल ट्रेंड्सचं काय ते सांगा. 'शहापुरी साडी' टाकली तर डेटा नाही म्हणतंय. इथल्या म्हाताऱ्या बायका रोज नाव घेतात त्याचं.

टिळकवाडीकर, सध्या बंगळूर

ट्रेंड्स किती लोकांनी शोधलं ते सांगतच नाही. ० ते १०० अशी तुलना दाखवतं, आणि शब्द फार कमी शोधला जात असेल तर कोरं पान. शिवाय तिथं 'टॉपिक' निवडला की वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र धरली जातात, नुसता शब्द टाकला तर धरली जात नाहीत. आपल्या बेळगावचंच बघा. २०१४ मध्ये नाव बदलून बेळगावी झालं, इंग्रजी अक्षरांत आजही तीन तऱ्हांनी लिहितात. शहापुरीसाठी ट्रेंड्सकडं जाऊच नका. गूगलच्या शोधपेटीत 'इरकल साडी' एवढंच टाइप करून थांबा आणि खाली काय सुचवतं ते वहीत लिहा. वही तुमचीच राहू दे.

खानापूर लोकल

टूल टूल काय करूलालाव सगळे? आमच्याकडं मातीची भांडी. गिऱ्हाईक कुठलंबी असूदे, गोव्याचं, बेळगावचं, प्रश्न एकच. "गॅसवर चालतंय काय?" ह्याच्यावर एक व्हिडिओ केलो. भांडं रात्रभर पाण्यात ठेवायचं, पहिल्यांदा गॅस बारीक, मोकळं भांडं तापवायचं न्हाई, गरम भांड्यात गार पाणी ओतायचं न्हाई. दोन मिनिटांचा. कुणी विचारलं की तोच व्हॉट्सॲपवर पाठवतो. रोज नवा विषय कशाला पाहिजे? गिऱ्हाईक नवं असतंय, प्रश्न जुना असला म्हणून काय झालं.

टिळकवाडीकर, सध्या बंगळूर

भांड्याला चालेल. साडीवाल्यानं एकच व्हिडिओ वर्षभर फिरवला तर इन्स्टाग्रामवर कोण बघणार?

खानापूर लोकल

इन्स्टाग्रामचं पोट भरायला दुकान काढलंय काय आम्ही?

निपाणीची लेक

तुम्ही तिघेही पुरुष दिसता, म्हणून लिहिते. वही कोण लिहितं? गल्ल्यावरचे दादा. गल्ल्यावर विचारतात दर आणि पार्सल. खरे प्रश्न गादीवर साडी उलगडताना होतात, तेही आपापसात, हळू आवाजात. "माझ्यासारखीच्या खांद्यावर पदर फुगेल काय गं?" "सासूबाईंची नऊवारी आहे, फाडून सहावारी करू की नको?" "काळी चंद्रकळा संक्रांतीशिवाय नेसले तर बोलतील काय?" हे दादांच्या कानावर जात नाही, आणि गेलं तरी त्यांना ते 'विषय' वाटत नाही.

मी लग्नाआधी निपाणीत मावशीच्या दुकानात बसायचे. साडी परत करायला आलेली बाई जे सांगते ना, त्याच्याइतकं कुठलं टूल सांगत नाही. खरं दुकानदार तेव्हा तोंड वाकडं करून पैसे मोजत असतो. वहीत परतीचं पान आहे का तुमच्या?

कॅम्पातला

चांगला मुद्दा, पण भाषेचं कुणीच काढेना. प्रश्न मराठीत आला म्हणून पोस्ट मराठीत केली, तर कन्नड बोलणारं अर्धं गिऱ्हाईक गेलं. पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा नियम २०२४ मध्ये झाला, तो पाटीपुरता. त्यावर इथं वाद नको. पण व्हिडिओत तुम्ही मराठी बोला आणि खाली कन्नड ओळी घाला, एवढं तर होईल? दुकानात कन्नड गिऱ्हाईक आलं की तुम्ही 'बन्नी', म्हणजे 'या', म्हणताच की.

खडेबाजारवाला

मी पण साडीवालाच. वही, टूल, सगळं ठीक. पण शहापूरवाल्यांनी गेल्या महिन्यात पदराच्या जोडाचा व्हिडिओ टाकला त्याबद्दल मला बोलायचंय. साडी उलटी करून, भिंग लावून, हातमागावर पदराचे ताण्याचे म्हणजे उभे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक फासा अडकवून कसे जोडतात ते दाखवलं. प्रश्न कुठला होता? "हातमागाची कशी ओळखायची?" दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक माझ्याकडं साड्या उलट्या करूलालेत. बाजारात इरकल म्हणून पुष्कळ माल पावरलूमचा आहे, तो स्वस्त आहे, गरिबाला तोच परवडतो. गिऱ्हाइकानं विचारलेला प्रत्येक प्रश्न पोस्टीचा विषय होत नाही. धंद्यात काही प्रश्नांना दुकानात उत्तर द्यायचं असतं, चव्हाट्यावर नाही.

निपाणीची लेक

तुमच्याकडची पावरलूमची आहे असं सांगून विकता ना? मग उलटी करून बघितली तर काय बिघडलं?

खडेबाजारवाला

ताई, सांगतो. विचारलं तर सांगतो.

शहापूरचा साडीवाला

खडेबाजारवाले, राग समजू शकतो. माझ्याकडंही निम्मा माल पावरलूमचाच आहे, आणि त्या व्हिडिओनंतर माझाही तो माल पडून राहिला. व्हिडिओ काढणार नाही. त्याच्या जोडीला "आठशेच्या साडीत काय मिळतं, काय नाही" असा करतोय, दोन्ही साड्या शेजारी ठेवून. तुमच्याकडची एक आणून देता काय? नाव घेत नाही.

निपाणीच्या ताईंचं वाचून काल वही वहिनींकडं दिली आणि मी गल्ल्यावरून उठलो. संध्याकाळी बघितलं. माझ्या आठ महिन्यांत 'घाम' हा शब्द एकदाही नव्हता. त्यांच्या एका दिवसाच्या पानावर चार वेळा. मे महिन्यातल्या लग्नाला ही नेसवेल काय, अस्तर लावायचं काय, काखेत डाग पडला तर जातो काय, आणि एकीनं तर सरळ विचारलं, "नवरी किती वेळ बसणार हिच्यात?"

टिळकवाडीकर, हे तुमच्या शोधपेटीत टाकून बघितलं. खाली काही आलं नाही.

टिळकवाडीकर, सध्या बंगळूर

कुठल्या अक्षरांत टाकलंत?

शहापूरचा साडीवाला

मराठीत.

टिळकवाडीकर, सध्या बंगळूर

इंग्रजी अक्षरांत टाका. आणि 'इलकल' लिहून पण.