लार्सनचा बी३ : हुशारी की हट्ट?

अडीच घरं :
काल बेलग्रेड १९७० चा तो बुद्धिबळाचा डाव पुन्हा पटावर मांडला आणि पुन्हा चिडलो. सोव्हिएत संघ विरुद्ध बाकीचं जग असा सामना. जगाच्या पहिल्या पटावर, म्हणजे संघातल्या अव्वल जागेवर, डेन्मार्कचा बेंट लार्सन (अमेरिकेच्या बॉबी फिशरने, चक्क फिशरने, त्याच्यासाठी दुसरा पट पत्करला होता). समोर विश्वविजेता स्पास्की. आणि पांढरी मोहरी घेऊन हा गृहस्थ पहिली चाल काय करतो, तर बी३, वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर पुढे! मग एकच घोडा तीनदा नाचवून काळ्याच्या घोड्याशी अदलाबदल. चौदाव्या चालीला स्पास्कीचा हत्ती थेट लार्सनच्या कोपऱ्यात, एच१ वर येऊन बसतो, घ्या म्हणतो फुकट. घेतला की प्यादं जी२ वर, आणि पुढे त्याच प्याद्याचा वजीर. लार्सनचा वजिराच्या बाजूचा घोडा नि हत्ती तोवर जागचे हललेले नाहीत. १७ चालींत खेळ खलास.

विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या उमेदवारांच्या सामन्यांत १९६५, ६८ आणि ७१ अशी तीनदा उपांत्य फेरी गाठून हा माणूस एकदाही पुढे गेला नाही. माझ्या मते ही वेगळेपणाची हौसच त्याला नडली.

उंटावरचा शहाणा :
एका डावावरून माणूस निकालात काढताय. त्याच सामन्यात पुढच्याच फेरीत त्याने स्पास्कीला हरवलं, हे सोयीस्करपणे गाळलंत. चौथ्या फेरीत स्पास्कीच्या जागी सोव्हिएत संघाचा श्टाइन आला, त्यालाही हरवलं. ४ पैकी २.५ गुण, तेही पहिल्या पटावर.

आणि बी३ ही चाल वाईट नाहीच. गाडं घसरलं ते चौथ्या चालीला. घोडा एफ३ वर आणून काळ्याच्या ई-प्याद्याला ‘ये, ढकल मला’ असं आमंत्रण दिलं तिथे. खापर पहिल्या चालीवर कशाला?

अडीच घरं :
बरं, मग डेन्व्हर १९७१ घ्या, ती ७१ ची उपांत्य फेरी. फिशरकडून ६-०. शेवटच्या डावात, ०-५ ने मागे असताना, पहिली चाल एफ४, तीही अशीच आडवाटेची. याला काय म्हणायचं?

उंटावरचा शहाणा :
०-५ झाल्यावर काय खेळावं याचा नियम तुम्हीच सांगा. पहिल्या डावात त्याने काळ्याकडून फ्रेंच बचाव ही रुळलेली सुरुवात घेतली होती, अगदी पुस्तकातली, आणि तोही हरला. त्याच्या आधी व्हँकुव्हरला तैमानोव फिशरकडून ६-० नेच हरला होता. तो तर सोव्हिएत शाळेत घडलेला. त्या वर्षी फिशरसमोर पुस्तकी काय आणि बिनपुस्तकी काय, सगळे सारखेच भाजले गेले.

लार्सनच्या मागे सोव्हिएत खेळाडूंसारखी विश्लेषकांची फौज नव्हती. घरून वीस चाली पाठ करून आलेल्याला दुसऱ्या चालीलाच विचार करायला बसवायचं, हा त्याचा साधा हिशोब. याच जोरावर १९६७ ची सूसची इंटरझोनल (उमेदवारांच्या सामन्यांसाठीची पात्रता स्पर्धा) जिंकली, १९७६ ची बीलचीही. त्याला नडला असेल तर बरोबरी न मानण्याचा स्वभाव. ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, नव्हे.

ताईंचा हत्ती :
मध्येच तोंड घालते. शाळेत असताना मी एका स्पर्धेत बी३ खेळले होते. आमच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “ही काय चाल आहे की कंटाळा?” डाव मी जिंकले, पण सरांनी डावाच्या नोंदीकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून लार्सनबद्दल मला जरा जास्तच माया आहे, हे आधीच सांगून टाकते.

तरी एक मुद्दा अडीच घरंच्या बाजूने. १९६६ ला सांता मोनिकात विश्वविजेत्या पेट्रोशियनला त्याने वजिराचा बळी देऊन हरवलं. त्याचा सर्वात देखणा डाव मी तोच मानते, आणि तो सुरू झाला ई४ ने, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. समोरून सिसिलियन, हाही नेहमीचाच बचाव. म्हणजे रुळलेल्या वाटेवरही तो तितकाच घातक होता.

पण मग १९७९ चं माँट्रियल विसरू नका! विश्वविजेता कार्पोव समोर, आणि लार्सन काळ्याकडून स्कँडिनेव्हियन बचाव खेळतो. दुसऱ्याच चालीला वजीर पटाच्या मध्यात. सुट्टीतल्या शिबिरात ज्यासाठी पोरांना ओरडा बसतो तेच. आणि जिंकतो.

अडीच घरं :
पेट्रोशियनच्या डावाबद्दल आभार, माझंच काम केलंत. कार्पोवचा डाव मी खरंच पाहिलेला नाही, आज रात्री मांडतो. पण एक जिंकला म्हणून सवय चांगली ठरत नाही. सिग्नल तोडूनही माणूस वेळेवर ऑफिसला पोचतोच की.

उंटावरचा शहाणा :
बी३ म्हणजे सिग्नल तोडणं नव्हे हो, गल्लीतून जाणं. तुम्हाला गल्ल्या माहीत नाहीत, त्याला माहीत होत्या.

अडीच घरं :
बेलग्रेडला गल्ली पुढे बंद निघाली, त्याचं काय? असो. रविवारी क्लबात या, माझ्यासमोर बी३ खेळून दाखवा.

उंटावरचा शहाणा :
येतो. पांढरी माझी. आणि चौथ्या चालीला घोडा एफ३ वर येणार नाही, वाट बघत बसू नका.