रटाळ दिवसच वाचण्यासारखा असतो

वर कुणीतरी लिहिलंय की परवा विधानसभेत 'काहीच झालं नाही, नुसती कागदपत्रं पटलावर ठेवली'. पटत नाही. गोंधळ नसला की टीव्हीवाले कॅमेरे गुंडाळतात, पण खरं काम त्याच दिवशी होतं.

पटलावर ठेवणं म्हणजे काय, ते बघा. राज्यपालांनी काढलेला अध्यादेश अधिवेशन सुरू झालं की सभागृहापुढे ठेवावाच लागतो, आणि कायदा झाला नाही तर सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवालही असाच पटलावर येतो, मग आमदारांची लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून हिशेब विचारते.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं पोरासोरांना पाठ. २०१९ च्या पुराची रेघ आमच्या जिन्याच्या भिंतीवर अजून आहे, रंग दिला तरी ओल वर येते. म्हणून पुराच्या भरपाईवर तारांकित प्रश्न आला की मी उत्तर शब्दन् शब्द वाचतो. तारांकित असला तर मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं, उपप्रश्न झेलावे लागतात. 'तीन महिन्यांत करू' असं तो म्हणाला, की तो शब्द विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या वहीत जातो, आणि तो पाळला का हे ती समिती बघते.

आपल्या जिल्ह्याचे दहा आमदार आहेत. त्यातल्या कुणी काय विचारलं, हे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतं. प्रश्नोत्तरांच्या यादीपासून सुरुवात करा.