टर्ब्युलन्सला 'खवळणं' चालेल का?

जुवारीकाठ: लेकीच्या शाळेसाठी विज्ञानाचा मराठी फलक लिहितोय. समुद्रातलं टर्ब्युलन्स, म्हणजे पाण्यातली भोवऱ्यांची अनियमित हालचाल, मोजायला जहाजामागे तारेनं एक लांबट उपकरण ओढत नेतात. त्याच्या नाकाशी करंगळीच्या टोकाएवढा शिअर प्रोब नावाचा संवेदक असतो. पाण्यानं बाजूनं ढकललं की आतली पिझो पट्टी वाकते, वीज निर्माण होते, आणि सेंटिमीटरभराची हालचालही नोंदली जाते. मी लिहिलं, 'खवळलेलं पाणी'. शेजारचे काका म्हणाले, साफ चूक. दोनापावलाच्या धक्क्यावरून समुद्र आरशासारखा दिसला तरी खाली टर्ब्युलन्स असू शकतं. मग शब्द कुठला?

ओहोटी: 'संक्षोभ'. तयार शब्द आहे, वापरा. पाणिनीच्या एका सूत्रात 'क्षुब्ध' हे रूप मंथ या अर्थानं सिद्ध केलंय. म्हणजे मुळातच ढवळणं.

रानभेंडी: पण आज क्षोभ म्हटलं की राग. लोकक्षोभ, पित्तक्षोभ. सातवीतलं पोर काय समजेल? माझं मत 'घुसळण'. माशेलला आजी ताक करायची तेव्हा मी डेऱ्यात डोकावून बघायचे. रवीभोवती मोठा भोवरा, तो मोडून लहान, तोही मोडून आणखी लहान. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हनं १९४१ मध्ये हेच मांडलं: ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे उतरते आणि शेवटी पाण्याच्या चिकटपणात विरते.

ओहोटी: घुसळायला कुणीतरी लागतं. संक्षोभ ही पाण्याची अवस्था आहे.

रानभेंडी: वारा आणि भरती-ओहोटी घुसळतातच की!

वास्कोचा: 'ओढत नेतात' मात्र बदला. 'पाण्याला ओढ आहे' म्हणजे प्रवाह जोराचा, त्यामुळे घोटाळा होईल. सरळ 'टोचन' म्हणा. गाडी बंद पडली की टोचन करूनच आणतो ना? टो-चेनचं टोचन.

ओहोटी: इंग्रजीचा अपभ्रंश शाळेच्या फलकावर नको.

जुवारीकाठ: टोचनमध्ये मला हिसके ऐकू येतात, आणि इथे तेच तर टाळायचे असतात. तारेची थरथर प्रोबला पाण्याच्या हालचालीसारखीच भासते, म्हणून उपकरणात कंपनं मोजायची वेगळी सोय करतात. १९६२ साली प्रसिद्ध झालेलं ग्रँट, स्ट्यूअर्ट आणि मॉयलिए या शास्त्रज्ञांचं काम असंच ओढत्या उपकरणावरचं. कॅनडातल्या डिस्कव्हरी पॅसेजमध्ये त्यांनी कोल्मोगोरोव्हचा नियम पडताळला.

वास्कोचा: हिसका चालवणाऱ्याच्या हाताचा असतो, शब्दाचा नाही. माझे वडील अर्धं आयुष्य बार्जवर होते. दोर ताणलेला ठेवून इतक्या अलगद टोचन करायचे की मागच्या होडीतला चहा सांडत नसे.

रानभेंडी: आमच्याकडे टोचन म्हणजे आकडा टोचून ओढणं, असं आजोबा सांगायचे. टो-चेन कशावरून?

वास्कोचा: आकडा टोचत नाहीत, अडकवतात.

ओहोटी: टोचणे धातूला 'ण' लागून टोचण होतं, जसं ओढणे, ओढण. त्याचंच पुढे टोचन झालं असू शकतं. हे तपासण्यासारखं आहे. जुन्या गाडीवानांच्या तोंडी कुणी हा शब्द ऐकलाय का, मोटारी यायच्या आधीचा?